पांढऱ्या ठिपक्याचे नट

तिने तळहात टायरवर टेकवला आणि आतून बाहेरच्या कडेकडे ओढला. रबर टोचलं. मग हात बाहेरून आत नेला, तर तोच टायर मऊ लागला. पुन्हा बाहेर ओढला. पुन्हा टोचलं.

“काका, इकडे या. हात लावून बघा.”

ड्रायव्हरकाका नावेच्या सावलीतून उठून आले. चार चाकांच्या ट्रेलरवर चढवलेली ती सपाट बुडाची नाव जलाशयांतला गाळ मोजायच्या कामाची होती. आज या तलावावर, परवा त्या तलावावर, असं तिचं वर्षातले दहा महिने चालायचं. पाण्यापेक्षा ती रस्त्यावरच जास्त असायची, आणि गेली अकरा वर्षं तिला गाडीमागे ओढून नेण्याचं काम काकांचं होतं. त्यांनी टायरवर हात ठेवला आणि ओढला.

“लागलं हाताला?”

“लागलं. पण ताई, मी फक्त टायर बदलायला आलोय. फुटका काढा, नवा घाला, मी जातो. सोमवारपासून तसाही हा ट्रेलर दुसऱ्याच्या ताब्यात जायचाय.”

“सोमवारी काय आहे?”

काकांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. ते काही फारसे मळले नव्हते.

“मला ऑफिसच्या दाराशी बसवतायत. आलेल्या-गेलेल्या गाड्या वहीत लिहायच्या. मंगळवारी टायर फुटला ना, मग चौकशी लागली. अडीच वर्षांत नऊ टायर. एवढे टायर कुठला ड्रायव्हर खातो, असं विचारलं. मी म्हटलं, मी तर जपून चालवतो. त्यांच्याकडे कागद होता.”

“कसला कागद?”

“तुमचाच,” काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं.

तिला कागद आठवला. तीन महिन्यांपूर्वी टायर बदलून झाल्यावर कामाच्या पत्रकात ‘कारण’ असा एक रकाना होता, आणि तो कोरा गेला तर ऑफिसातून फोन येतो म्हणून तिने हात पुसता पुसता लिहून टाकलं होतं: झीज चालवण्याच्या पद्धतीमुळे. वळणे जोरात घेऊ नयेत. खाली काकांचं नाव आणि स्वतःची सही. लिहायला दहा सेकंदही लागले नव्हते. काकांच्या निवृत्तीला एक वर्ष आठ महिने उरले होते.

तिला लाज वाटली. आणि लाज वाटली की तिला राग यायचा, हा तिचा जुना दोष होता. तिने हातातला पाना पत्र्याच्या पेटीवर आपटला.

“टायर नंतर. आधी हे का होतंय ते बघू.”

“तीनदा बघितलंयत तुम्ही.”

“तीनदा बघितलं आणि तिन्ही वेळा तेच तेच बघितलं. बसा तुम्ही. आज ट्रेलर असाच जाणार नाही.”

शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या अण्णांनी, तिच्या वडिलांनी, मान वळवली. हे वर्कशॉप त्यांनी उभं केलेलं. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे धुकं आल्यामुळे त्यांनी पाने खाली ठेवले होते, जीभ मात्र अजून कामावर होती.

“ट्रेलरला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

काका हसले. वीस वर्षं ते या दारात येत होते, आणि अण्णांनी त्यांना एकदाही गोड बोलून परत पाठवलं नव्हतं.

तिने हवेपासून सुरुवात केली. चारही चाकांची हवा मोजली, सारखी. नाव ट्रेलरच्या मधोमध बसली आहे का ते पुढून, मागून, दोऱ्या ताणून बघितलं, मधोमध होती. नावेतली बॅटरी आणि मोजणीची पेटी एका बाजूला लागली असेल म्हणून दोन्ही खाली उतरवून ठेवली आणि परत बघितलं. काही फरक नाही. मग एकेक चाक जॅकवर उचलून, वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवलं. बेअरिंग ढिलं असतं तर टकटक लागली असती. चाक गरकन फिरवून त्याच्या कडेशी खडू धरला. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली, म्हणजे रिम वाकडी नव्हती. यात सकाळचे दोन तास गेले, आणि हाती आलं ते तीन महिन्यांपूर्वी आलं होतं तेच, म्हणजे काही नाही.

काका मधेमधे हात लावत होते. बसून राहणं त्यांना जमत नव्हतं.

“दाराशी काय वाईट आहे, सावली असते,” ते जॅक ओढताना म्हणाले. तिने विचारलं नव्हतं. “पंखा पण आहे म्हणे. फक्त एवढंच, की मोजणीच्या बाईसाहेब पाण्यात मापाची काठी सोडतात ना, तेव्हा नाव वल्ह्याने धरून ठेवावी लागते. नाव हलली की आकडा हलतो. अकरा वर्षं माझ्या हातात होती ती. नव्या माणसाला सांगून कळायचं नाही, करून कळतं. त्याला वेळ लागेल. तोवर आकडे हलतील.”

“कुणाला सांगितलंत हे?”

“कुणाला सांगू? मी ड्रायव्हर आहे. आकडे त्यांचे.”

ती उठली आणि शेडच्या मागे गेली. काढलेले टायर ती टाकून देत नसे. प्रत्येकाच्या बाहेरच्या अंगावर पिवळ्या खडूने कुठलं चाक आणि कुठला महिना ते लिहून ठेवायची तिची सवय होती, आणि त्या ढिगाबद्दल अण्णा आठवड्यातून एकदा तरी तिला भंगारवाली म्हणायचे. या ट्रेलरचे नऊपैकी सहा सापडले. ते घरंगळत पुढे आणून तिने जमिनीवर मांडले, पुढचे पुढे, मागचे मागे, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे, पिवळी अक्षरं बाहेर. मग गुडघ्यावर बसून एकेकावर हात फिरवला.

झिजून रबराला दात आले होते, आणि पुढच्या टायरांचे दात उजवीकडे टोचत होते. डावा असो की उजवा, या वर्षीचा असो की मागच्या. मागच्यांचे सगळे डावीकडे. तिने डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला, कारण डोळे कधी कधी हवं ते दाखवतात. तरी तेच.

“काका, तुम्ही वळणं कुठल्या बाजूला घेता?”

“म्हणजे? रस्ता जिकडे वळेल तिकडे.”

“डावीकडे पण, उजवीकडे पण.”

“हो, मग.”

“जोरात वळल्यामुळे टायर खाल्ले असते तर दोन्ही कडा खाल्ल्या असत्या. हे दात एकाच बाजूला आहेत. पुढचे टायर एकीकडे ओढतायत, मागचे दुसरीकडे. सरळ रस्त्यावरही ओढतायत. तुम्ही झोपून चालवलंत तरी हेच झालं असतं.”

एका छपराखाली राहून दोघं दोन दिशांना ओढत असली की काय झिजतं, हे तिला शिकवायला कुणाची गरज नव्हती. ती सासरहून कायमची परत आली होती, तेव्हापासून तेवढं ज्ञान तिच्यापाशी पक्कं होतं.

ती ट्रेलरखाली शिरली. पाठीखाली पुठ्ठा सरकवून, हातात दिवा घेऊन तिने मागचा अ‍ॅक्सल, मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, बघितला. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना जाड पट्ट्या, पट्ट्यांना लांबट भोकं, त्यांतून ट्रेलरच्या चौकटीला आवळलेले चार-चार नट. भोकं लांबट असतात ती अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकवून नेमका बसवता यावा म्हणून. पुढचा अ‍ॅक्सल ट्रेलरसोबत आलेला, मूळचा. मागचा अडीच वर्षांपूर्वी पाण्याने गंजून गेला म्हणून अण्णांनी नवा घातलेला. आणि आठही नटांवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका होता.

हा ठिपका या वर्कशॉपचा कायदा होता. अण्णा स्वतः मोजून, स्वतः आवळून झालं की काडी रंगात बुडवून नटावर ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे काम संपलं. दुसऱ्याने त्याला पाना लावायचा नाही, टेप लावायची नाही. इतर वर्कशॉपांतही असा ठिपका देतात, नट सैल झाला तर कळावा म्हणून. इथे तो तपासण्यासाठी नव्हता, तपासू नये म्हणून होता. तीनदा ती या ट्रेलरखाली आली होती आणि तीनदा हे पांढरे ठिपके दिसल्यावर दिवा पुढे सरकवून निघून गेली होती. अण्णांनी बसवलेलं कोण मोजणार?

ती बाहेर आली आणि भिंतीवरची टेप काढली.

“काय मोजतेस?” अण्णांनी विचारलं. टेपचा आवाज त्यांना बरोबर कळला.

“मागचा अ‍ॅक्सल.”

“तो मी बसवलाय.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग मोजते.”

अण्णांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. 

आधी पुढच्या हुकापासून पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत अंतर घेतलं. सारखं भरलं, पुढचा सरळ होता. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. उजवीकडे काकांनी टोक धरलं, तिने वाचलं: शहाऐंशी सेंटिमीटर. डावीकडे गेली. तिने वाचलं, टेप सोडली, पुन्हा लावली, पुन्हा वाचलं. मग चाकांच्या मध्यावरून ओळंबे सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि त्या खुणा मोजल्या.

“किती?” अण्णा म्हणाले.

“उजवीकडे शहाऐंशी. डावीकडे सत्त्याऐंशी.”

“एक?”

“एक. वर नाही, खाली नाही. बरोबर एक.”

अण्णांचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला. तिलाही तेवढ्यातच कळलं होतं. गंजाने, धक्क्याने, खड्ड्याने सरकलेला अ‍ॅक्सल असा सुट्ट्या पैशासारखा मोजून सरकत नाही. बरोबर एक म्हणजे जुनी टेप.

जुन्या टेपचं टोक तिच्या येण्याआधीच गेलेलं होतं. पुढची आकडी तुटून पत्रा चुरगळला होता, म्हणून या वर्कशॉपात टेप टोकाला कधीच धरत नसत. एकची रेघ खुणेवर ठेवायची आणि मग मोजायचं. एका बाजूला एकावर आणि दुसऱ्या बाजूला टोकाला धरली, तर आकडा सारखा येऊनही अंतरात बरोबर एकाचा फरक राहायचा. नवा माणूस आला की नाव विचारायच्या आधी अण्णा त्याला ‘एकावर धर’ म्हणायचे. नवी टेप घ्यायला पैसे लागतात, सांगायला लागत नाहीत, असा त्यांचा हिशोब होता. गेल्या वर्षी ती टेप मधोमध मोडली तेव्हा कुठे नवी आली.

“उजवीकडे हा होता,” अण्णा हळू म्हणाले. ते काकांबद्दल बोलत होते, पण बघत होते जमिनीकडे. “वीस वर्षं माझी टेप धरतोय. झोपेतही एकावर धरेल. आणि डावीकडे...”

ते थांबले.

“डावीकडे मी होते,” ती म्हणाली.

काका फुटक्या टायरच्या हवेच्या नळीची टोपी बोटांनी आवळत होते. ती केव्हाच घट्ट बसली होती, तरी ते फिरवत होते.

एक पिशवी घेऊन ती माहेरी आली त्याच्या चौथ्या दिवसाची ती गोष्ट. तोवर तिने पाना हातात धरला नव्हता. मुलीशी काय बोलावं हे न कळल्यामुळे अण्णा तिच्यावर ओरडत होते: उजेडात उभी राहू नकोस, तो नाही तो पाना, हात आहेत की काय आहे. टेप कशी धरली होती हे तिला आठवेना. टेपवरचे आकडे डोळ्यांतल्या पाण्यामुळे एकमेकांत मिसळले होते, एवढं आठवलं.

“आकडा मी वाचला,” अण्णा म्हणाले. “वाचणाऱ्याने टोक बघायचं असतं. माझी चूक.”

“आकडा तुम्ही बरोबर वाचलात. धरणाऱ्याची चूक.”

“चार दिवसांची होतीस तू इथे.”

“नऊ टायर गेले, अण्णा. मंगळवारी हे रस्त्यात फुटक्या टायरवर नाव सांभाळत उभे होते. चार दिवस काय आणि चार वर्षं काय.”

“मग आता काय, दवंडी पिटणार?”

“आधी नट सोडवते,” ती म्हणाली.

नट सुटता सुटेनात. अण्णांनी आवळलेले, वर अडीच वर्षांचं पाणी. तिने गंजावर तेल सोडलं, तासभर मुरू दिलं, पान्याला लोखंडी नळी जोडून सगळं वजन टाकलं. पहिला नट कुरकुरत फिरला तेव्हा पांढरा ठिपका मधून चिरला आणि त्याचा भुगा तिच्या गालावर पडला. दुसऱ्याला पाना निसटून मनगट सोललं. तिने चिंधी बांधली आणि पुन्हा आत शिरली. काका म्हणाले, मी करतो. ती म्हणाली, दिवा धरा. डावीकडची पट्टी हातोड्याने केसाकेसाने पुढे सरकवत ती मधेमधे बाहेर येऊन मोजत होती, आणि दर वेळी टेपचं दुसरं टोक कसं धरलंय ते स्वतः जाऊन बघून येत होती. दुपार टळली तेव्हा दोन्हीकडे शहाऐंशी भरले. तिने नट आवळले, नवा टायर चढवला.

अण्णांनी सवयीने रंगाचा डबा मागितला.

“नको,” ती म्हणाली. “शंभर किलोमीटर झाले की परत आणायचा आहे. तेव्हा पुन्हा मोजायचं.”

“मी केलेलं कधी पुन्हा मोजलं नव्हतं कुणी.”

“तेच तर झालं, अण्णा.”

हे त्यांना लागलं. लागावं म्हणून ती बोलली नव्हती, पण परतही घेतलं नाही.

काका ट्रेलर जोडून बारा किलोमीटरचा फेरा मारून आले. ते उतरताच ती चारही टायरांना हात लावत गेली. आधी मागचे दोन हाताला चटका द्यायचे आणि पुढचे कोमट असायचे. आता चारही सारखे कोमट होते.

“हलका चालतोय,” काका म्हणाले. “आणि आरशात नाव बरोबर मागे दिसते. इतके दिवस जरा तिरकी दिसायची. मला वाटायचं, वयाने माझी मान वाकडी झाली. बायकोकडून तेल चोळून घ्यायचो.”

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. दाराशी अण्णाही हसले, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

मग ती हात धुऊन टेबलाशी बसली आणि कोरा कागद पुढे ओढला.  लिहायचं ठरलेलं होतं. हात मात्र प्रत्येक ओळीला अडत होता. खाडाखोड झाली तो कागद तिने बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

“त्यांच्या सगळ्या गाड्या आपल्याकडे येतात,” अण्णा म्हणाले. “हे पत्र तिथे पोचलं की एकही येणार नाही.”

“नाही आली तर नाही.”

“बोलायला सोपं आहे.”

“सोपं नाहीये. अर्धा तास झाला, चार ओळी झाल्यात.”

“माझं नाव घाल. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते म्हण. मला कोण काय करणार आहे? तुला अजून वर्कशॉप चालवायचंय.”

“डोळे तेव्हा चांगले होते तुमचे.”

अण्णा उठले, भिंतीला हात लावत टेबलापर्यंत आले आणि तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. अक्षरं त्यांना दिसत नव्हती.

“वाच.”

तिने वाचलं. “मागील अ‍ॅक्सल डाव्या बाजूस बहुधा एक सेंटिमीटर मागे बसवला गेला होता, त्यामुळे टायर झिजत होते. बसवताना मोजमापाची टेप मी चुकीची धरली. चालकाचा यात दोष नाही. त्यांच्याविषयी मी पूर्वी लिहिलेला शेरा चुकीचा होता, तो मी मागे घेते. अ‍ॅक्सल आज सरळ केला आहे.”

अण्णांनी मान खाली वाकवून ऐकलं.

“‘बहुधा’ काढ,” ते म्हणाले. “मोजलंयस ना? मग बहुधा कशाला.”

तिने शब्द खोडला, मग खोडलेला कागद द्यायचा नाही म्हणून पुन्हा सगळं लिहून काढलं आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. अण्णा तोवर आतल्या खोलीत गेले होते. चहासाठी भांडं शोधत असल्याचा आवाज येत होता.

काका गाडीपाशी उभे होते. तिने कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी तो लांब धरला आणि ओठ हलवत वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचायला लागले.

“सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं की हे द्या,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या हातात किल्ली जायच्या आधी. हवं तर मी येते बरोबर.”

“यात तुझं नाव नको,” काका म्हणाले.

अडीच वर्षं ते तिला ‘तुम्ही’ म्हणत आले होते. ती शिकाऊ होती तेव्हाही.

“तुमचं नाव घालून लिहिलं होतं ना मी? मग माझंही नाव घालूनच लिहायचं.”

“तसं नाही.” त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “मी बघितलं होतं.”

“काय?”

“त्या दिवशी. उजवीकडचं मोजून झालं आणि मी पुढून वळून तुमच्या बाजूला येत होतो. तू टेप टोकाला धरली होतीस. एकावर नाही, टोकाला. अण्णा मागे वाकून आकडा वाचत होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं.”

ती एक पाऊल जवळ आली.

“मग सांगितलं का नाहीत?”

काकांनी कागदाची कड अंगठ्याने सरळ केली.

“सकाळपासून तू दोनदा पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत जाऊन आली होतीस. अण्णा खाली गुंतलेले, त्यांना पत्ता नव्हता. मी नाव धूत होतो, मला दिसायचं. पहिल्यांदा ओरडले तेव्हा गेलीस, दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा गेलीस. म्हटलं, आता बोललो तर तिसऱ्यांदा ओरडतील, आणि ही काही परत यायची नाही. एवढ्या बोटभर फरकाने काय होतंय, असं वाटलं. नंतर विसरूनही गेलो. आज तू ‘बरोबर एक’ म्हणालीस तेव्हा आठवलं.”

पिशवीचं कुणालाच माहीत नाही, असं ती आजवर धरून चालली होती. दोन्ही वेळा बस समोरून निघून गेली होती आणि ती भिंतीच्या आडोशाने परत आली होती. तिसऱ्यांदा ती चढली असती. ज्या घरी उतरली असती तिथे तिची वाट कुणी बघत नव्हतं, आणि उतरायला दुसरी जागा नव्हती.  तिने मनगटावरची चिंधी उगाच घट्ट केली.

“म्हणून सांगतो,” काका म्हणाले, “माझंही लिही खाली. चालकाने बघितलं आणि तो बोलला नाही. अर्धवट पत्र घेऊन मी माझ्या जागेवर बसणार नाही, पोरी.”

तिने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि बघितला. अक्षर तिचं बारीक होतं. सही जिथे संपली होती तिथे कागद अजून अर्धाही झाला नव्हता.

“जागा नाही, काका,” ती म्हणाली, कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट बंद करून त्यांच्या वरच्या खिशात घातलं.